सहा बटणांचा टेलिफोन

टेलिफोन म्हटला की हल्ली तो खिशातच असतो. मी आज ज्याच्याविषयी बोलणार आहे तो मात्र खिशात काय, दप्तरातही मावायचा नाही. तो अमेरिकेतल्या कचेऱ्यांमधला टेलिफोन आहे. समोर चकती, चकतीखाली ओळीने सहा बटणं, आणि मागून निघालेली अंगठ्याएवढी जाड दोरी.

माझे काका १९६९ साली शिकागोला गेले आणि तिथेच एका कचेरीत नोकरीला राहिले. हा फोन त्यांच्या टेबलावरचा. पुढे कचेरीत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, जुने फोन अडगळीत निघाले, तेव्हा काकांनी आपला फोन मागून घेतला. काका गेले. काकू गावी परत आल्या, त्या हा फोन साडीत गुंडाळून घेऊन. मला म्हणाल्या, "तू कॉलेजात शिकवतोस. हा बोलता करून दे." आता मी शिकवतो इतिहास! पण काकूंना नाही कसं म्हणणार?

पहिलं काम ओळख पटवण्याचं. असला फोन हाती आला तर आधी तो उलटा करावा. बुडाच्या पत्र्यावर आकडे ठोकलेले असतात. आमच्या फोनवर होतं '५६५' आणि शेजारी '५-७२', म्हणजे मे १९७२. ५६५ म्हणजे चकतीचा, सहा बटणांचा. त्याच जातीत चकतीऐवजी आकड्यांची दहा बटणं असली तर १५६५, बारा असली तर २५६५. चांदणी आणि चौकट ही दोन जादा बटणं १९६८ मध्ये आली, हेही लक्षात ठेवावं. अठरा किंवा तीस बटणांचा मोठा 'कॉल डायरेक्टर' निराळा. तो १९५८ चा.

हे फोन बनवणारी कंपनी वेस्टर्न इलेक्ट्रिक. ती बेल सिस्टीमची, आणि बेल सिस्टीम फोन विकत नसे, भाड्याने देई. परत आलेला फोन कारखान्यात उघडायचा, झिजलेला भाग बदलायचा, पुन्हा दुसऱ्याकडे पाठवायचा. प्रत्येक भागावर तारीख असते. त्यामुळे रिसीव्हरवर एक साल आणि घंटेवर दुसरं साल दिसलं तर कोणी फसवलं असं समजू नये. बेल सिस्टीमची ही व्यवस्था १ जानेवारी १९८४ ला मोडली. आयटीटी, स्ट्रॉमबर्ग-कार्लसन यांनीही असेच फोन बनवले होते, तेव्हा शिक्का वाचल्याशिवाय नाव सांगू नये.

मग मी साफसफाईला बसलो. बाहेरचं प्लॅस्टिक साबणाच्या पाण्याने छान निघतं. थिनर लावू नये, चकाकी जाते. बटणांशेजारी एक पारदर्शक पट्टी असते आणि तिच्याखाली कागद. कोणती लाइन कोणाची हे त्यावर लिहायचं. मी तो कागदही ओल्या फडक्याने पुसायला निघालो होतो. काकूंनी हात धरला. चार घरांत टाइप केलेले आकडे होते, आणि पाचव्या घरात पेन्सिलीने, आपल्या देवनागरीत, 'घर' असं लिहिलेलं होतं. त्या लाइनवर काकूंचा फोन यायचा. शिकागोच्या त्या कचेरीत ते अक्षर दुसऱ्या कोणाला वाचता येत असेल असं वाटत नाही. कागद तसाच परत बसवला.

आता आतली गोष्ट. जाड दोरीत तारांच्या पंचवीस जोड्या. एवढ्या कशाला? तर एका लाइनला तीन जोड्या लागतात : एक बोलण्याची, एक दिव्याची आणि एक खुणेची. पंचवीस जोड्या ओळखायच्या कशा, तर रंगांवरून. पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच एका बाजूला. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी आणि पाटीचा करडा हे पाच दुसऱ्या बाजूला. पाच पंचे पंचवीस. गुरुजींनो, पाढ्याला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही. आपल्याकडच्या टेलिफोन केबललाही हाच रंगक्रम आहे. आमच्या गावच्या एका निवृत्त लाइनमननी ती दोरी पाहिली आणि डोळे मिटून सगळे रंग म्हणून दाखवले. तिथून पुढे खरे गुरू तेच.

त्यांच्या सांगण्यावरून बोलण्याची जोडी घरच्या लाइनला जोडली. आवाज आला! जरा घोगरा होता, कारण तोंडाजवळच्या डबीत कोळशाचे बारीक कण असतात ते बसून घट्ट झाले होते. डबी काढून तळहातावर हलकेच आपटली, आवाज मोकळा झाला. पण लाल बटण दाबलं की बोलणं तुटे. हे लाल बटण 'होल्ड'चं. दाबलं की समोरचा माणूस थांबून राहावा आणि आपण दुसऱ्या लाइनवर बोलावं, हे त्याचं काम. बटण बिघडलं असं समजून मी चिमटा घेतला आणि आतल्या पितळी पट्ट्या वाकवल्या. हीच माझी मोठी चूक.

पाटाचं पाणी देताना दारं धरणाऱ्याला क्रम पाळावा लागतो. आधी कुठलं मोडायचं, मग कुठलं बांधायचं, हे चुकलं की पाणी भलत्याच वाफ्यात. इथेही तसंच आहे. खुणेची जोडी जाते भिंतीवरच्या एका कपाटाकडे. होल्ड दाबलं की आधी खूण तुटते आणि क्षणभराने बोलण्याची तार सुटते. खूण गेली पण बोलण्याचा प्रवाह अजून चालू आहे, हे कपाटाला कळतं आणि ते मधे एक रोध घालून लाइन धरून ठेवतं. रिसीव्हर खाली ठेवला तर उलट होतं : आधी बोलण्याची तार, मग खूण. तेव्हा कपाट लाइन सोडून देतं. सारा फरक त्या पट्ट्या कोणत्या क्रमाने सुटतात एवढाच. म्हणून तिथे कानशी, पॉलिश पेपर काही चालवू नये. जाड कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये किंचित भिजवून दोन टोकांमधून ओढावी, तेवढं पुरे.

म्हणजे टेबलावर असतो तो अर्धाच फोन. उरलेला अर्धा कपाटात, आणि आमचं कपाट शिकागोतच राहिलेलं. बटण मुळात चांगलं होतं. ज्याच्याशी बोलायचं तेच घरात नव्हतं. असा फोन घेणाऱ्यांपैकी पुष्कळांची इथेच निराशा होते, आणि मग तो शोभेसाठी फडताळात जातो.

चुलतभावाने तिकडून जुन्या बाजारातलं एका लाइनचं कार्ड पाठवलं. कार्डाला २४ व्होल्ट डीसी लागतात आणि बटणांतल्या दिव्यांना १० व्होल्ट एसी. ते लाइनमननी जमवून दिलं. वाकलेल्या पट्ट्या एकेक करून मूळच्या जागी आणायला मात्र आम्हाला तीन रविवार लागले. पूर्वी फोन वाजताना दिवा मिनिटाला साठ वेळा उघडझाप करी आणि होल्डवर असताना एकशेवीस वेळा लुकलुके. त्यासाठी निराळं यंत्र लागतं, ते मिळालेलं नाही. आमचा दिवा नुसताच लागतो.

लाइन एकच, तेव्हा ती कोणत्या बटणाला जोडायची? मी पहिल्याला म्हटलं. काकू म्हणाल्या, "पाचव्याला." जोडली. गेल्या महिन्यात चुलतभावाचा फोन आला, काकूंनी पाचवं बटण दाबून रिसीव्हर उचलला, आणि दोन वाक्यं बोलून मुद्दाम लाल बटण दाबलं. दिवा जळत राहिला. तिकडे तोही थांबून राहिला. मग पुन्हा पाचवं बटण दाबून काकूंनी पुढचं बोलणं सुरू केलं.

घंटा अजून जोडायची आहे. तिची जोडी वेगळी आहे, आणि घंटेच्या तारेत नव्वद व्होल्टांच्या आसपास दाब येतो, म्हणून ते काम लाइनमनना दिवाळीनंतर सवड झाली की करू. तोवर काकू सकाळी खुर्ची फोनसमोर ओढून घेतात, आणि दिवा लागला की उचलतात.