आमच्या बाल्कनीत डोंगळे आले

आज ना कोडिंग, ना करिअर. आज कांदा! पण भाजीतला नाही, कुंडीतला.

मी मूळचा निफाड तालुक्यातला. बीटेक झालं, नोकरी लागली आणि आता शिकागोत राहतो. घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर कांदाच करत आलेत. मी बारावीत होतो, त्या वर्षी आमच्या अर्ध्या रानात डोंगळे आले. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो, डोंगळा म्हणजे कांद्याच्या फुलाचा दांडा. रोप मोठं झाल्यावर थंडी लांबली, की कांदा पोसायचं सोडून फूल काढतो. दिसायला सुंदर, पण असा कांदा चाळीत टिकत नाही आणि भावही मिळत नाही. माझ्या ॲडमिशनचं वर्ष होतं. अण्णा बांधावर बसून नुसते त्या फुलांकडे बघत होते. ते मी विसरलो नाही.

मी इकडे आल्यावर आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं. "जेवलास का?" "हो." "बरं, आईकडे देतो." संपलं!

एका उन्हाळ्यात इथल्या बागेत एक फूल दिसलं. गुडघाभर उंच दांडा, टोकाला एकदम वाकलेला आणि त्याला फिकट गुलाबी फुलांचा झुबका. पान चुरगाळलं तर चक्क कांद्याचा वास! नाव नॉडिंग अनियन, म्हणजे मान खाली घालणारा कांदा. शास्त्रीय नाव ॲलियम सर्न्युअम. हा इथला, उत्तर अमेरिकेचा रानकांदा. गंमत म्हणजे शिकागो हे नावसुद्धा मायामी-इलिनॉय भाषेतल्या एका रानकांद्याच्या नावावरून आलंय. तो बहुधा याचा भाऊबंद, रॅम्प नावाचा.

मी बियांचं पाकीट आणलं, मे महिन्यात कुंडीत पेरलं. महिना झाला, काही नाही. शेवटी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "आपलं उळं आठ-दहा दिवसांत उगवतं. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचलंस का?"

नव्हतं वाचलं. इंजिनिअर ना, डॉक्युमेंटेशन न वाचताच कोड चालवला! पाकिटावर स्पष्ट लिहिलं होतं, ६० दिवस थंड आणि ओलं ठेवा. या बीला हिवाळा सोसल्याशिवाय जाग येत नाही. अण्णांनी वर बजावलं, "उरलेलं टाकून दे, ताजं आण. कांद्याचं बी जुनं झालं की उगवत नाही."

मग काय केलं ते सांगतो. नवीन बी ओलसर वाळूत मिसळून पिशवीत घातलं आणि फेब्रुवारीत फ्रीजमध्ये ठेवलं. फ्रीजरमध्ये नाही हं! एप्रिलमध्ये पेरलं, वर अर्धा सेंटीमीटर माती, बस. नोव्हेंबरमध्ये थेट बाहेर पेरलं तरी चालतं, थंडीचं काम इथला हिवाळाच करतो. कुंडी खोल हवी, पाण्याचा निचरा चांगला हवा, कारण पाणी साचलं की कांदा सडतो. किमान अर्धा दिवस ऊन हवं. पहिल्या वर्षी गवतासारखी पानंच येतात. उपटू नका! हिवाळ्यात कुंडी भिंतीला लावून ठेवायची. तीन-चार वर्षांनी गड्डे दाटले की सोडवून वेगळे लावायचे.

दोन सूचना. घरी मांजर-कुत्रं असेल तर कुंडी लांब ठेवा, कांदावर्गीय झाडं त्यांना विषारी असतात. आणि जंगलातून खणून आणू नका. तिथे डेथ कॅमास नावाचं असंच दिसणारं विषारी झाड असतं, त्याला कांद्याचा वास नसतो. रोप नर्सरीतूनच घ्या.

फुलं आली तिसऱ्या वर्षी, जुलैत. मी व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, "अण्णा, डोंगळे आले!" ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "जवळ धर." मधमाश्या दिसल्या तसे हसले. डोंगळे बघून अण्णा हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं बोललो.

पुढे बी धरायला लागलं, तेव्हा एकेक बारीक देठ हळूहळू वर वळला. तेही दाखवलं. अण्णा म्हणाले, "थोडं उळं पाठव की." नाही म्हणावं लागलं. परवाना आणि तपासणीच्या कागदांशिवाय बी देशात पाठवता येत नाही. आणि निफाडात एवढी थंडी कुठली? "बरं," म्हणाले, "मग दर रविवारी फोनवरच दाखवत जा."

तुम्ही महाराष्ट्रात असाल तर या झाडाच्या मागे लागू नका. घरातला कोंब आलेला कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुंडीत लावा. थंडी पडली की पांढऱ्या फुलांचा गोल गेंद येईल, मधमाश्या येतील. फोटो काढा आणि घरी शेती करणारं कोणी असेल तर त्यांना आधी पाठवा.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!