हजेरी, पगार आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा पाककृतीऐवजी कोणीतरी कामगार कायद्यावर बोलावे असे बैठकीत ठरले, आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. मी सातवी शिकलेली, संसार करणारी बाई. वकिली भाषा मला येत नाही. पण आपल्या अंबरनाथ पूर्वेत किती घरांतून रोज सकाळी आनंदनगरच्या एम.आय.डी.सी.त डबा जातो! तेव्हा विषय चुलीपासून फार लांबचा नाही.

पूर्वी कामगारांसाठी निरनिराळे कायदे होते. त्यांतले 29 एकत्र करून 4 संहिता केल्या आणि त्या 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. संहिता म्हटले की भ्यायचे कारण नाही. घरच्या उपयोगाचे तेवढे सांगते. कामावर ठेवताना नेमणुकीचे पत्र दिले पाहिजे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत हातात यायला हवा. काम सुटले, मग आपण सोडले असो की त्यांनी काढले असो, पगाराचा हिशेब कामाच्या 2 दिवसांत चुकता व्हायला हवा. जादा वेळ थांबवले तर त्याचा दर दुप्पट. बाईला रात्रपाळी द्यायची तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची सोयही हवी.

आता कपातीचे बघा. पगारातून काही कापले की आपण कुरकुरतो, पण त्याचा अर्थ विचारत नाही. पगार 12,000 धरला, तर राज्य विम्याचे म्हणजे ई.एस.आय.चे आपले 90 रुपये जातात आणि मालकाने स्वतःचे 390 भरायचे असतात. त्यातून औषधपाणी होते, बाळंतपणाची भरपगारी रजा मिळते. पहिल्या दोन मुलांना ती 26 आठवड्यांची असते. भविष्य निर्वाह निधीत आपले 1,440 आणि मालकाचेही तितकेच. हे पैसे खरोखर भरले की नाही, ते आता मोबाइलवर दिसते. घरातल्या शिकत्या मुलाला सांगा, तो चित्रपट पाहतो त्याच मोबाइलवर पासबुक दाखवील.

आमच्या शेजारची एक बाई एका कारखान्यात पॅकिंगला होती. नाव सांगत नाही, कारखान्याचेही नाही. माणसे ठेकेदाराची. ठेकेदार एके दिवशी बदलला आणि जुन्याने दीड महिन्याचा पगार बुडवला. नवा म्हणे, माझा संबंध नाही. कारखाना म्हणे, तुम्ही आमच्या नव्हेतच. नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही. पण बाई हुशार! भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आपण दुधाचे खाडे लिहितो ना, तशी तिने रोजची हजेरी लिहिली होती, पाळीसकट. ती पाने घेऊन चौघीजणी कारखान्याच्या कचेरीत गेल्या. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. तीन खेपा झाल्या, पण पैसे मिळाले. मिळाले नसते तर कामगार आयुक्तांच्या कचेरीत अर्ज करता आला असता. पगाराच्या दाव्याला 3 वर्षांची मुदत असते.

कोऱ्या कागदावर मात्र सही करू नका. अंगठाही नको.

कामगाराचीही बाजू आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. यंत्राची जाळी काढायची नाही, टोपी दिली तर केस तिच्यात घालायचे, बिघाड दिसला तर लगेच सांगायचा. हे सारे कायद्यातच आहे. आणि दिवाळीचा बोनस घेऊन दुसऱ्या दिवसापासून न सांगता गायब होणे, हे तर आपल्याकडचे जुनेच दुखणे. लहान कारखानदाराची त्याने किती पंचाईत होते!

आता जरा अवघड बोलते, रागावू नका. आपल्यातल्या कितीजणींकडे धुण्याभांड्याला बाई येते? मग आपणही मालकच की! ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी खटपट केली, तेव्हा 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आपल्या बाईला आठवड्याची एक सुट्टी आहे का? तिचे खाडेही आपण त्याच दिनदर्शिकेत लिहितो, आणि महिनाअखेर पैसे कापतो. गावी जत्रेला गेली तरी कापतो, मूल तापाने फणफणले तरी कापतो. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. 18 ते 60 वयाच्या बाईला त्यात नोंदणी करता येते. कागद भरायला तिला आपण मदत करू शकतो. कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यातही घरकाम करणारी बाई धरली आहे. म्हणजे आपले घर हे तिचे कामाचे ठिकाण आहे.

मला वाटते, महिन्यातून चार भरपगारी सुट्ट्या आपण मंडळातच ठरवून टाकाव्या. एकीने दिल्या की दुसरीची बाई विचारते, आणि मग कुरबूर होते. सगळ्यांनी मिळून दिल्या तर तसे होणार नाही. पुढच्या बैठकीत हा ठराव मी मांडणार आहे. ज्यांना विरोध करायचा असेल त्यांनी जरूर यावे, आणि येताना आपापली दिनदर्शिका आणावी.