ढोलीवरचा हातोडा

देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून मांघर २०२२ मध्ये जाहीर झालं, त्याच महाबळेश्वर तालुक्यात आपण मधपाळ आणि वनखात्यातले जुने-नवे सहकारी जमलो आहोत, याचा आनंद वाटतो. अध्यक्षानं वर्षाच्या कामाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. अहवाल आपल्या हाती आहे, तो जरूर वाचा. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे आणि त्यासाठी मी तीस वर्षं थांबलो आहे.

प्रत्येक वनविभागाची दहा वर्षांची कार्य आयोजना असते. अशा आयोजना मी राबवल्या, एकीच्या लेखनात माझा हातही होता. त्यांत मध सापडतो, गौण वनोपजांच्या यादीत, किलोंच्या हिशेबानं. माशी सापडत नाही. तिचं घर मात्र सापडतं: तोडीच्या यादीत, 'वाळकं, किडकं, पोकळ' या शेऱ्याखाली. सातेरी मधमाशी अंधारात पोळी बांधते, एकाशेजारी एक. पोयाच्या माशीलाही बंदिस्त पोकळीच लागते. आम्ही ज्याला सदोष झाड म्हणतो, ते त्यांचं वाड्यासारखं नांदतं घर असतं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कुपात मी तोडीच्या झाडांचं अंकन करत होतो. एका म्हाताऱ्या जांभळापाशी वनरक्षक थांबला. म्हणाला, "साहेब, ह्यात माशी हाय." ढोलीच्या तोंडाशी ये-जा दिसत होती. मी आयोजनेतला परिच्छेद वाचून दाखवला आणि हातोड्याचा ठसा मारला. झाड पडलं त्या दिवशी मी तिथं होतो. पोळी फुटून मध मातीत गेला, अळ्या उन्हात पडल्या. वनरक्षक काहीच बोलला नाही. तो ठसा माझा होता, हे मी आज या व्यासपीठावरून सांगतो.

कालच्या चर्चेत काही मित्र म्हणाले, ढोल्यांची कशाला चिंता, रानात पेट्या वाढवा, परागीकरण आपोआप होईल. मला हे मान्य नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड रोगानं दक्षिण भारतात सातेरीच्या पेट्या ओस पाडल्या. त्या काळात माझ्या ओळखीच्या एका मधपाळाच्या साऱ्या पेट्या रिकाम्या झाल्या. त्यानं पुन्हा सुरुवात कशी केली? रानातल्या ढोलीतून वसाहत काढून आणली. पेटी ढोलीची लेक आहे. परदेशी मेलिफेरा माशीच्या पेट्या आणून ठेवल्या, तरी त्यांनी ढोलीची जागा भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप असा, की माश्या मोजता येत नाहीत, मग आयोजनेत लिहायचं काय? अहो, माश्या कशाला मोजता, ढोल्या मोजा! पुढे माझ्याच हाताखालच्या एका वनरक्षकानं गस्त घालता घालता साध्या वहीत आपल्या बीटातल्या ढोल्या टिपल्या होत्या. कुठलं झाड, तोंड कुठल्या दिशेला, माशी आहे की नाही. एका पावसाळ्यात वही भरली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, भत्ताही मिळाला नव्हता.

जमिनीत बिळं करून राहणाऱ्या एकट्या माश्यांचा, जाळरेषांचा, कारवीच्या सात-आठ वर्षांच्या फुलोऱ्याचा प्रश्नही मोठा आहे. त्यावर तरुण अभ्यासकांनी बोलावं. माझा आग्रह एवढाच, की पुढच्या प्रत्येक आयोजनेत ढोलीचं झाड राखीव म्हणून लिहिलं जावं. दहा वर्षांत रोप उंच होतं, ढोली होत नाही. तिला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

ढोल्यांच्या नोंदीचा एक नमुना तक्ता आपण करू. कोणी करायचा, कोणाकडे द्यायचा, ते आज संध्याकाळी बसून ठरवू.

उद्या सकाळी सातला मी वरच्या रानात जाणार आहे. तिथल्या एका हिरड्यात अजून माशी नांदते. ऊन ढोलीच्या तोंडावर आलं की ती बाहेर पडू लागते. ज्यांना यायचं असेल, त्यांनी वेळेवर यावं.