जात्यावरची ओवी मोबाइलवर, आणि आपले धवळे?



गेल्या काही महिन्यांत आम्ही डोळखांब भागातल्या गटांच्या बैठकांत एक काम करतो. हप्ते जमा झाले, कर्जाचं बोलणं झालं, की मोबाइलवर दोन-चार ओव्या लावतो. आजचं बोलणं त्याच ओव्यांविषयी आहे.

या ओव्या कुठून आल्या ते आधी सांगतो. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ हे दोन कार्यकर्ते होते. गी मूळचे फ्रान्सचे. मुळशी-मावळच्या डोंगरातल्या गरीब बायांसोबत संघटनेचं काम करताना त्यांच्या ध्यानात आलं, की या बाया सभेत गप्प बसतात, पण जात्यावर बसल्या की सगळं बोलतात. सासर, माहेर, भाऊ, लेकीचा जन्म, कष्ट, रामसीता, विठोबा, बाबासाहेब, सारं ओवीत येतं. म्हणून 1980 नंतरच्या दशकात त्यांनी ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. होता होता महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतल्या, तीन हजारांहून जास्त बायांच्या, एक लाखावर ओव्या जमल्या. पुढे 1990 नंतर बर्नार्ड बेल हे संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे अभ्यासक सोबत आले आणि शंभराहून जास्त तासांचा आवाज रेकॉर्ड झाला.

गी 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. पण काम कपाटात पडून राहिलं नाही. 2017 पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संस्थेने त्या ओव्या इंटरनेटवर ठेवायला घेतल्या. आवाज, मराठी शब्द, इंग्रजी भाषांतर, सगळं फुकट ऐकायला-वाचायला मिळतं. त्यांची माणसं पुन्हा त्या गावांत गेली, हयात असलेल्या गाणाऱ्या बायांना भेटली, त्यांना नव्याने गायला लावून चित्रित केलं.

आम्हाला यात सगळ्यात मोठी वाटली ती नोंद. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज 1996 मध्ये रेकॉर्ड झाला. आज तो ऐकताना शेजारी त्यांचं नाव आहे, गाव आहे. गाणाऱ्या बाईचं वय, तिचं काम, रेकॉर्डिंगची तारीख, असं लिहिलेलं असतं. नाहीतर बायांच्या गाण्याला 'पारंपरिक' एवढा एकच शब्द लावतात आणि बाई पुसून जाते. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, घरावर नाही, मग निदान तिच्या गाण्यावर तरी असावं की नाही?

बहिणाबाई चौधरींचंच बघा. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातला एक भाऊ यांनी त्यांची गाणी उतरवून ठेवली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं. लिहून ठेवलं नसतं तर महाराष्ट्राला बहिणाबाई माहीतच झाल्या नसत्या. शब्द राहिले, पण त्या स्वतः कशा म्हणत होत्या ते कागदातून कळत नाही. चाल कागदावर राहत नाही, ती आवाजातच राहते.

आता आपल्याकडे वळू. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. भात कांडायचं उखळही गेलं. त्यात वाईट काही नाही. पहाटे उठून दळण्याचे हाल आपल्या आयांनी काढलेत, ते परत नकोत. पण कामाबरोबर गाणंही गेलं. लग्नातले धवळे म्हणणारी धवलारीण आता किती गावांत आहे? तिच्या जागी डीजे आला. आवणीची गाणी, गौरीची गाणी, ठाकरवाडीतली, वारल्यांची, कातकरी वाडीतली गाणी म्हणणाऱ्या बाया साठी-सत्तरीच्या पुढे गेल्यात. त्या गेल्या की मागून शोधून काही सापडणार नाही.

काही जणी म्हणतील, आमच्या पोरी मोबाइलवर रेकॉर्ड करतातच की. करतात, पण ते स्टेटसला एक दिवस राहतं. मग मोबाइल भरला की पुसलं जातं. कोण गातंय, कुठलं गाव, काही लिहिलेलं नसतं. म्हणून आमचं म्हणणं असं, की बचतीची वही जशी चोख ठेवतो तशी गाण्याची ठेवू या.

पहिली गोष्ट विचारण्याची. गाणारीला आधी विचारायचं, "मावशी, हे कोणी कोणी ऐकलेलं चालेल? घरच्यांनी, गावाने, की सगळ्या जगाने?" ती म्हणेल तसंच. काही गाणी मांडवातच म्हणायची असतात, काहींत घरातलं दुःख असतं. ती नको म्हणाली तर मोबाइल खाली ठेवायचा.

दुसरी गोष्ट, रेकॉर्ड करताना पंखा, टीव्ही बंद. मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवून हातभर अंतरावर धरायचा. गाण्याआधी तिनेच आपलं नाव, गाव, गाणं कुणाकडून शिकली ते सांगायचं. तारीख आपण बोलायची.

तिसरी, एका मोबाइलवर भिस्त नको. एक प्रत मेमरी कार्डावर, एक प्रभाग संघाच्या किंवा शाळेच्या संगणकावर, आणि एक गाणारीच्या घरी. तिने स्वतःचा आवाज ऐकलाच पाहिजे.

चौथी, मानाची. धवलारणीला मांडवात साडी-चोळी, नारळ देतो. मग तिला तासभर बसवून गायला लावलं तर तिची मजुरी बुडते, ती गटाने भरून द्यावी. कुणी त्या गाण्यावर पैसे मिळवायला निघालं तर आधी तिला विचारावं. हा ठराव वहीत लिहा, सह्या आणि अंगठे घ्या.

पाड्यावर रेंज नसते हे आम्हाला ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी रेंज मिळेल तिथे कुणीतरी एकीने पारीच्या ओव्या लावून चार जणींना ऐकवाव्यात. ऐकताना म्हाताऱ्या बायांचे चेहरे बघा. "असं नाही गं, आमच्याकडे दुसरी चाल," असं कुणीतरी म्हणतंच. तिथेच थांबायचं आणि तिची चाल घ्यायची.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढंच करा. आपल्या गावात गाणाऱ्या बाया कोण, त्यांची नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणा. सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं नाव सगळ्यात वर. सुरुवात तिच्यापासून करू.