मुले टोळीकडे का वळतात?



देहू म्हटले की महाराष्ट्राला इंद्रायणी आणि तुकोबा आठवतात. आपल्याला शेजारचे देहूरोडही आठवते, कारण २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच पिंपरी-चिंचवड आणि पुणे परिसरात कोयते नाचवीत गाड्यांच्या काचा फोडणाऱ्या पोरांना २०२२-२३ च्या सुमारास वर्तमानपत्रांनी 'कोयता गँग' हे नाव दिले. अशी एकच टोळी कोठे नाही. गल्लीगल्लीतली पाच-दहा पोरे असतात, आणि त्यांत आपलीही असतात. हे आपण कबूल केले पाहिजे.

वस्तीत अशा मुलांबरोबर बसल्यावर आम्हांला एक गोष्ट जाणवली. भूक हे पहिले कारण नाही. नववीत नापास झालेल्या मुलाला घरात कोणी विचारीत नाही. बाप पाळीवरून येऊन झोपलेला, आई चार घरची धुणीभांडी करून थकलेली. कोपऱ्यावरचा 'भाई' मात्र त्याला नावाने हाक मारतो आणि आपल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो छापतो. वीस फोटोंतला एक का होईना, पण त्या मुलाचा पहिला जाहीर मान तोच असतो!

पुढे काय व्हायचे, असे विचारले तर तो भाई व्हायचे म्हणत नाही. तो म्हणतो, "कंपनीत पर्मनंट." १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागाहून टेल्को, बजाज आल्या, त्या नोकऱ्यांवर आपल्या कित्येकांची घरे उभी राहिली. आता थोरला भाऊ चाकणला ठेकेदाराकडे राबतो आणि सात महिने भरले की ब्रेक घेऊन घरी बसतो. धाकटा हे रोज पाहतो. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि गिरणगावातल्या चाळींतली काही मुले अशीच टोळ्यांकडे वळली.

भाई सांगतो, "तू अठराच्या आतला, तुला काय होणार?" हे अर्धे खोटे आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सोळा वर्षांवरील मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक तपासणीनंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. अंगुलिमालाची कथा आपण मुलांना सांगतो. त्या हुशार शिष्याला हजार बोटे आणायला त्याच्या गुरूनेच पाठविले होते, हा भाग मात्र घाईत सांगून मोकळे होतो. पाठविणारा आजही फ्लेक्सवर मधोमध हसत असतो, आणि वर्गणी मागायला आला की आपणच त्याला खुर्ची देतो.

एकदा केस झाली की आता कंपनीचे दार कायमचे बंद, असे मुलगाही धरून चालतो आणि आईही. पण त्याच अधिनियमाचे कलम २४ सांगते की, मुलाला त्या दोषसिद्धीमुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर ती नोंद नष्ट करावयाची असते. सोळा वर्षांवरील ज्या मुलाला प्रौढाप्रमाणे खटला चालवून दोषी ठरविले, त्याला मात्र हे संरक्षण नाही. मंडळाचा आदेश जपून ठेवा. चारित्र्य पडताळणीच्या वेळी अडचण आली, तर तो घेऊन वकिलाकडे जा.

सभागृहात कंपन्यांतून निवृत्त झालेले फिटर, टर्नर, टूलरूमचे कारागीर बसलेले दिसतात. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात या. ज्यांच्यावर केस आहे अशी मुलेही तेथे असतील. त्यांना मायक्रोमीटर धरायला शिकवा, आयटीआयचा अर्ज भरून द्या, आणि हाक मारताना नावाने मारा.