टोपीचं माप नव्हे
(महिला मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



भोकरदनकडच्या एका भिल्ल वस्तीवर मी बाळाच्या डोक्याला टेप लावला, तेव्हा आजीने विचारलं, “बाई, टोपी शिवता काय?” सगळ्या हसल्या. पण प्रश्न खरा होता. बाळाचं डोकं मोजायचं कशाला?

पहिल्या वर्षात मेंदू झपाट्याने वाढतो आणि त्याच्यासोबत कवटी वाढते. मेंदू आपल्याला दिसत नाही, पण कवटीचा घेर मोजता येतो. पूर्ण दिवसांच्या बाळाचा हा घेर साधारण 33 ते 35 सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे 2 सेंटिमीटर वाढतो. तो फार भराभर वाढू लागला, टाळू फुगली, नजर खाली वळलेली राहिली, तर डोक्यात पाणी साठत असू शकतं. वाढ अडली, तरीही तपासणी हवी.

माप घ्यायला न ताणणारा टेप लागतो. तो भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवायचा. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहायचा.

जन्मताना डोकं दबून लांबट होतं. आयांनो, घाबरू नका. ते काही दिवसांत आपोआप पूर्ववत होतं, म्हणून आठवड्याने पुन्हा मोजतो. डोकं गोल करायला ते दाबू नका, नाक सरळ करायला ओढू नका. एकाच बाजूला झोपून डोकं चपटं होत असेल, तर उताणं झोपवताना तोंडाची बाजू बदलत राहा.

चेहराही नीट पाहायचा. ओठ फाटलेला आहे का? बॅटरी लावून टाळा पाहिला का? टाळा फाटलेला असेल तर बाळाला ओढून पिता येत नाही. आईचं दूध काढून, बाळाला उभं धरून वाटी-चमच्याने पाजावं लागतं. हा ग्रहणाचा दोष नाही आणि आईचाही नाही. शस्त्रक्रियेने तो दुरुस्त होतो. 2013 पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा जन्मजात व्यंगांची तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

आता एक कटू गोष्ट. आपल्या देशात डोकी आणि नाकं आधीही मोजली गेली. 1901 च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या रुंदीवरून जातीजमातींची उच्चनीचता ठरवू पाहिली. पुढे आपल्या इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. तिथे त्यांनी कवट्या मोजल्या आणि आपल्या गुरूंना हवा असलेला वंशश्रेष्ठतेचा निष्कर्ष मापांतून निघत नाही, असं मांडलं. टेप तोच असतो. तो कशासाठी लावला, हा प्रश्न आहे.

शमुवेल इशायाच्या घरी गेला, तेव्हा त्याचे डोळेही थोरल्या मुलाच्या रूपावर आणि उंचीवर गेले. देवाने त्याला थांबवलं आणि शेतातून धाकट्याला बोलावून घ्यायला लावलं. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेही समाजाने दूर ठेवलेल्या माणसांना सोबत घेऊन. आपण त्याच वाटेने चालतो. या बाळाची तुलना आपण दुसऱ्या कोणाशी उच्चनीच ठरवायला करत नाही. त्याला आपली गरज आहे का, एवढंच पाहतो.

आणि म्हणूनच दुसरं माप पहिल्यापेक्षा मोलाचं. एक आकडा थोडंच सांगतो. दोन आकडे वाढ सांगतात. पण दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. झोळीतलं बाळही जातं, आणि दुसरं माप राहून जातं.

टेप थोड्या पैशांत येतो. माणसाची सोबत महाग आहे. माझी विनंती एवढीच: माता-बाल कार्डावर माप तारखेसह लिहून घ्या, ते कार्ड कुटुंबासोबत पाठवा, फोन करून विचारा, आणि आईला मोठ्या दवाखान्यात जावं लागलं तर मंडळीतली एखादी भगिनी तिच्याबरोबर जाऊ द्या. मोठ्या दवाखान्याच्या दारातून एकटी आई अनेकदा परत फिरते. दोघी असल्या तर आत जातात.