फुली कुणासमोर?

आपल्याकडे एखाद्याच्या नावावर फुली मारली म्हणजे तो यादीतून गेला. ब्रिटनमध्ये नेमकं उलटं. तिथे मतदान बहुधा गुरुवारी असतं. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत लोक शाळेत, चर्चच्या सभागृहात, क्वचित एखाद्या पबातही जातात, पेन्सिल उचलतात आणि जो उमेदवार हवा त्याच्या नावासमोर फुली मारतात. यंत्र नाही, बोटाला शाई नाही. पण तिथल्या डावीकडे झुकलेल्या मतदाराची फुली पुष्कळदा मराठी अर्थाचीच निघते. कागदावर ती मजूर पक्षासमोर असते. मनात ती हुजूर पक्षावर मारलेली असते.

ही सवय पद्धतीतून आलेली आहे. पद्धत आपल्याला परकी नाही, कारण आपण ती त्यांच्याकडूनच घेतली: मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं, तो निवडून आला, बाकीची सगळी मतं पाण्यात. 4 जुलै 2024च्या निवडणुकीत कीर स्टार्मर यांच्या मजूर पक्षाने 650पैकी 411 जागा जिंकल्या. मतं मिळाली अवघी 33.7 टक्के. इतक्या कमी टक्क्यांवर एकट्या पक्षाला बहुमत मिळाल्याचं ब्रिटनने तोवर पाहिलं नव्हतं.

डाव्या मतदाराला खरा सल आहे तो दुसऱ्याच आकड्यांचा. 2017मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखाली पक्षाला सुमारे 1 कोटी 29 लाख मतं मिळाली आणि तरी सत्ता हुकली. 2019मध्ये 1 कोटी 3 लाखांच्या आसपास मतं पडली, जागा आल्या 202, आणि सगळीकडे पानिपत झाल्याची भाषा सुरू झाली. 2024मध्ये मतं आणखी घटून 97 लाखांवर आली, आणि विजय ऐतिहासिक ठरला! कॉर्बिनसाठी थंडीत दारोदार फिरलेल्या कार्यकर्त्याने हे गणित कसं पचवायचं? स्टार्मरसमर्थकांचं उत्तर तयार असतं: मतं किती यापेक्षा ती कुठे पडतात हे महत्त्वाचं, आणि कॉर्बिनची मतं शहरांत साचून राहिली. उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे नायजेल फराज यांचा रिफॉर्म यूके. या पक्षाने 41 लाख मतं खाल्ली, जागा जेमतेम 5 मिळवल्या आणि जाता जाता हुजूर पक्षाची ठिकठिकाणी वाट लावली. भिंत विरोधकांच्या घरात पडली, म्हणून मजूर पक्षाला वाट मिळाली.

लंडनच्या ईशान्य टोकाला चिंगफर्ड अँड वुडफर्ड ग्रीन नावाचा मतदारसंघ आहे. 1992पासून या भागाचे खासदार इयन डंकन स्मिथ, हुजूर पक्षाचे माजी नेते. 2019मध्ये अर्थतज्ज्ञ फैझा शाहीन यांनी मजूर पक्षातर्फे त्यांना घाम फोडला आणि त्या 1,262 मतांनी हरल्या. पुढच्या वेळी जागा येणार हे उघड होतं. पक्षाने त्यांनाच पुन्हा उमेदवारी दिली. पण 2024ची निवडणूक जाहीर झाल्यावर, समाजमाध्यमांवरच्या जुन्या हालचालींचं कारण पुढे करून, ती ऐनवेळी काढून घेतली. शमा टॅटलर यांना आणलं गेलं. शाहीन अपक्ष उभ्या राहिल्या. निकाल असा: डंकन स्मिथ 17,281, टॅटलर 12,524, शाहीन 12,445. दोघींत अंतर 79 मतांचं. दोघींची बेरीज 24,969. देशभर हुजूर पक्ष भुईसपाट होत असताना इथला गडी मात्र तरला.

दोष कुणाचा? पक्षनिष्ठ म्हणतील, शाहीन यांच्या हट्टाचा. पण निवडणूक तोंडावर असताना तयार उमेदवार कापला तो पक्षाने, आणि डाव्यांना दुसरीकडे जायला वाटच नाही अशा खात्रीने कापला. ही खात्री त्याच रात्री आणखी काही ठिकाणी खोटी ठरली. इझलिंग्टन नॉर्थमध्ये पक्षाने तिकीट नाकारलेले कॉर्बिन अपक्ष म्हणून सात हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. ब्रिस्टल सेंट्रलमध्ये ग्रीन पक्षाच्या कार्ला डेनियर यांनी मजूर पक्षाच्या थंगम डेबनेर यांना पाडलं. गाझाच्या प्रश्नावर चिडलेल्या मतदारांनी लेस्टर साउथमध्ये 979 मतांनी अपक्ष निवडून दिला.

असंच काहीसं शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या एका माणसाने अनुभवलं होतं. जमशेटजी टाटांचे भाचे शापूरजी सकलातवाला हे कम्युनिस्ट. पण 1922मध्ये मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर लंडनच्या बॅटर्सी नॉर्थमधून पार्लमेंटात गेले. पुढे पक्षाने कम्युनिस्टांना दार बंद केलं, 1929मध्ये त्यांच्यासमोर स्वतःचा उमेदवार उभा केला आणि सकलातवाला पडले.

आता परत 2024कडे. पक्षाच्या आत राहिलेल्या डाव्यांची गतही वेगळी नव्हती. स्टार्मर यांची सत्ता आल्यावर तीन आठवडेही झाले नव्हते. तिसऱ्या मुलापासून पुढे गरीब कुटुंबांचं साहाय्य तोडणारी मर्यादा हुजूर सरकारने 2017मध्ये लागू केली होती. ती उठवा म्हणून 23 जुलै 2024ला मजूर पक्षाच्या सात खासदारांनी स्वतःच्या सरकारविरुद्ध मत दिलं. सातही जण निलंबित झाले. नोव्हेंबर 2025च्या अर्थसंकल्पात त्याच सरकारने ती मर्यादा उठवण्याची घोषणा केली. त्या सातांना काय वाटलं असेल, याची कल्पना आपणच करावी.

मग डाव्या मतदाराने सरळ ग्रीनला मत द्यावं? इथे त्याच्यासमोर रनकॉर्न अँड हेल्सबी ठेवलं जातं. 1 मे 2025च्या पोटनिवडणुकीत रिफॉर्मने ही जागा मजूर पक्षाकडून हिसकावली, ती फक्त 6 मतांनी. (दादाभाई नौरोजी 1892मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून 5 मतांनी निवडून आल्याचं जाहीर झालं होतं, त्याची आठवण व्हावी.) तिथे ग्रीन पक्षाला 2,314 मतं होती. म्हणजे तत्त्वाची फुली मारणाऱ्यांनी फराजना खासदार दिला, असा आरोप करणं सोपं. पण याच मतदारसंघात दहा महिन्यांपूर्वी मजूर पक्षाचं मताधिक्य साडेचौदा हजारांच्या वर होतं. ते कुठे गेलं, हे आधी विचारायला हवं.

पद्धतच बदलावी, हा यावरचा जुना उपाय. टोनी ब्लेअर यांनी 1997च्या जाहीरनाम्यात सार्वमताचं वचन दिलं; रॉय जेन्किन्स यांच्या आयोगाचा अहवाल 1998मध्ये आला आणि फडताळात गेला. 2011मध्ये पसंतीक्रमाच्या मतदानावर सार्वमत झालं, सुमारे 68 टक्के लोक नको म्हणाले. 2022मध्ये मजूर पक्षाच्या अधिवेशनाने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा ठराव मंजूर केला. नेतृत्वाने तो कानाआड केला. 33.7 टक्क्यांत 411 जागा देणारी शिडी कोण स्वतःहून मोडेल?

यात आपल्यापैकी काहींचाही संबंध आहे. राष्ट्रकुलातले नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत असतील तर तिथल्या संसदेसाठी मत देऊ शकतात. म्हणजे हिंजवडीहून कामाच्या व्हिसावर लंडनला गेलेल्या अभियंत्याच्या हातातही ती पेन्सिल येते.

पद्धत तीच राहिली तरी फुली जागा बदलू शकते. वेल्समधलं केअरफिली हे एकेकाळी खाणकामगारांचं गाव. शंभर वर्षं तिथे मजूर पक्षाशिवाय पान हललं नाही. ऑक्टोबर 2025मध्ये वेल्सच्या विधिमंडळासाठी तिथे पोटनिवडणूक झाली. रिफॉर्म जिंकेल अशी हवा होती. त्याला अडवायचं म्हणून डाव्या मतदारांनी या वेळी प्लाइड कमरी या वेल्श राष्ट्रवादी पक्षासमोर फुली मारली. प्लाइड पहिला आला, रिफॉर्म दुसरा, आणि मजूर पक्ष 11 टक्क्यांवर तिसरा.